ज्या गीतामागे कोणी मेलं नाही

मेलेल्या माणसांशी इतका घरोबा असलेला जिवंत माणूस मी माझ्या व्याह्यांखेरीज दुसरा पाहिलेला नाही. बाकीचे लोक ओळख करून देताना गाव, नोकरी, मुलंबाळं अशा क्रमाने जातात; व्याही ओळख करून देतात ती पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाची, आणि सुरुवात तो कशाने गेला इथून. ते मूळचे नगरकडचे, तीन पिढ्यांचे अ‍ॅडव्हेंटिस्ट ख्रिस्ती. मिनिआपोलिसच्या एका हॉस्पिटलात लोकांचं रक्त तपासण्यात उभी हयात घालवून निवृत्त झाले आणि आता ईडन प्रेरीत आमच्यापासून दहा मिनिटांवर राहतात. त्यांच्या पंथाचा उगमच मुळी एका फसलेल्या प्रतीक्षेत आहे. प्रभू अमुक दिवशी परत येणार, असा हिशेब करून इकडच्या हजारो लोकांनी शेतातली पिकं तशीच सोडली आणि आभाळाकडे डोळे लावून बसले. दिवस संपला, दुसरा उजाडला, कोणी आलं नाही. रडून झाल्यावर ही माणसं पुन्हा कामाला लागली, आणि त्यांतल्या काहींनी गीतं लिहिली. त्या गीतांच्या मागच्या गोष्टी हा व्याह्यांचा ध्यास. गोष्ट ऐकल्याशिवाय गीत म्हणणं म्हणजे मयताला न जाता तेराव्याचं जेवायला जाणं, असं ते म्हणत. त्यामुळे त्यांच्या चर्चमध्ये उपासना तासाभराने लांबे आणि तरुण पाळक घड्याळाकडे बघत राही.

माझ्या मुलीनं त्यांच्या मुलाशी लग्न ठरवलं तेव्हा आमच्या सौ.ला काळजी पडली, ती यांना खायला काय करायचं याची. ख्रिस्ती म्हणजे मटण लागणार, असा तिचा हिशेब. आले तेव्हा कळलं की मांसमच्छी सोडाच, ही मंडळी चहासुद्धा घेत नाहीत. कोकणस्थाच्या घरातलं चिकन गॅरेजमधल्या फ्रीजरमध्ये लपवायची वेळ आमच्यावर आली. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी मावळेपर्यंत त्यांचा शब्बाथ. त्या वेळात फोन नाही, खरेदी नाही, व्यवहाराचं अवाक्षर नाही. डिसेंबरात इथे साडेचारलाच अंधारतं. एकदा शुक्रवारी हॉलच्या भाड्यावरून आमची घासाघीस चालू असताना व्याही खिडकीतून बाहेर बघून एकाएकी गप्प झाले, आणि उरलेला आकडा मला रविवारी सांगितला. लग्नाच्या जेवणाच्या वेळी त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यांनी एका तरुण छापखानेवाल्याची गोष्ट सांगितली. स्वतःच्याच गीताची मुद्रितं तपासताना तो रुमालात रक्त थुंकत होता आणि पुस्तक बांधून यायच्या आत गेला. दीडशे पाहुणे गुलाबजाम चमच्यात धरून बसले होते. मुलगी माझ्या कानाशी लागून म्हणाली, "बाबा, हनीमून कॅन्सल करू का?"

त्यांची एक जाडजूड फाइल आहे. तीत सगळी गीतं आहेत, पण ती सुरांप्रमाणे नाहीत की अकारविल्हे नाहीत; ती रोगांप्रमाणे लावलेली आहेत. आधी क्षय, कारण तो सगळ्यांत मोठा विभाग. मग देवी, घटसर्प, बाळंतरोग, विषमज्वर आणि शेवटी किरकोळ अपघात. आयुष्यभर नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? "बाळंतरोगातलं एक म्हणू का?" असं ते अगदी लोभानं विचारीत. विहीणबाई स्वयंपाकघरातून म्हणत, "जेवण होऊ द्या त्यांचं." मात्र गोष्टीत त्यांनी कधी मीठमसाला घातला नाही. कोणी मेलेला माणूस एकोणतीस वर्षांचा असेल तर ते त्याला करुण करण्यासाठी पंचविसाचा करत नसत. खोट्याचा त्यांना मनापासून तिटकारा होता. आमच्या नातवाला ताप नसताना मी शाळेला ताप कळवला म्हणून त्यांनी माझ्याशी आठवडाभर अबोला धरला होता.

गेल्या वर्षी विहीणबाईंना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. रिपोर्ट व्याह्यांनीच आधी वाचला, आणि वाचता येत होता हे त्यांचं दुर्दैव. केमो दोनदा झाली, मग डॉक्टरांनीच थांबवली. घरी पलंग आला, नर्स येऊ लागली. व्याही उशाशी बसून गीतं म्हणत, अर्थात गोष्टीसकट, आणि एका दुपारी आम्ही दोघं तिथे असताना विहीणबाई म्हणाल्या, "अहो, पुरे झालं. मला एक गीत असं शोधून द्या, की ज्याच्यामागे कोणी मेलेलं नाही. तेवढं ऐकून मी जाईन."

व्याह्यांनी दोन दिवस फाइल चाळली. असं एकही गीत नव्हतं. म्हणजे असेलही, पण त्यांनी कधी गोळाच केलं नव्हतं. अखेर शेवटच्या कप्प्यात 'कारण अज्ञात' असं लिहिलेला एक कागद निघाला. गीत लिहिणारी बाई मिशिगनमधली, कधी गेली, कशाने गेली, कुठेच नोंद सापडत नव्हती, फक्त कुठल्या गावात पुरलं ते माहीत होतं. आम्ही दोघे व्याही त्या गावाला निघालो, ड्राइव्ह मी केलं. विहीणबाईंजवळ मुलं राहिली. जाताना दिवसभर ते एकच वाक्य फिरवून फिरवून बोलत होते, की बाई म्हातारी होऊन गेलेली असू दे. मी त्यांना म्हटलं, एवढं काय, नसली तर आपण सांगू की होती. ते माझ्याकडे असे बघायला लागले की मी रेडिओ लावला.

दफनभूमी लहानशी होती, मक्याच्या शेताला लागून. तासभर शोधल्यावर दगड सापडला. व्याह्यांनी गुडघे टेकून शेवाळ खरवडलं आणि वजाबाकी केली. सत्त्याऐंशी वर्षं. हा सज्जन, वयस्क गृहस्थ त्या गवतात बसून हसायला लागला, आणि मलाही हसू आलं. मग त्यांना शेजारचे दगड दिसले. चार होते, गुडघ्याएवढे, एका रांगेत. नावं झिजून गेली होती, तारखा आणि वयं शिल्लक होती: नऊ, सहा, तीन, आणि शेवटचं सात महिने. चारही एकाच महिन्यातली. व्याही प्रत्येकावरून बोट फिरवत गेले आणि म्हणाले, "घटसर्प." गीत त्याच्या पुढच्याच वर्षी छापलं गेलं होतं, हे त्यांना पाठ होतं. परतीच्या वाटेवर मला रेडिओ लावायचं धैर्य झालं नाही.

घरी पोचल्यावर ते कोट न काढताच पलंगापाशी गेले. "सत्त्याऐंशी वर्षं जगली," त्यांनी सांगितलं. विहीणबाईंनी विचारलं, "आणि मुलं?" व्याह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "सगळी जगली," ते म्हणाले. मग त्यांनी ते गीत म्हटलं, बेसूरच म्हटलं, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबता. मी दारात उभा होतो आणि मला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी ते औषध आणायला गेले असताना विहीणबाईंनी मला जवळ बोलावलं. "भाऊ, शेजारी लहान दगड किती होते?" मी इकडे तिकडे बघितलं. मग चार म्हणून सांगितलं. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "खोटं बोलताना कान लाल झाले होते ह्यांचे. त्यांना सांगू नका मला कळलं म्हणून. बेचाळीस वर्षांत माझ्यासाठी एकदाच खोटं बोललेत. ते माझ्याजवळ असू द्या." मी शब्द दिला. नवव्या दिवशी त्या गेल्या, किंवा व्याह्यांच्या भाषेत, प्रभूमध्ये निजल्या. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे मेलेलं माणूस कुठे जात नाही. ते निजतं, आणि प्रभू आला की उठतं.

आता व्याही चर्चमध्ये गोष्टी सांगत नाहीत. उपासना वेळेवर संपते, आणि तो तरुण पाळकच मला विचारतो, काका, त्यांना बोलतं करता येईल का. परवा शनिवारी सूर्य मावळल्यावर ते आमच्याकडे आले आणि गरम पाणी प्यायले. मग म्हणाले, "व्याही, ती उठेल तेव्हा ती चार पोरंही उठतील. तिला कळणारच, मी खोटं बोललो ते. तुम्ही तिथे होतात. मी का बोललो, ते तिला सांगाल ना?"

दिलेला शब्द माझ्या जिभेवर निखाऱ्यासारखा होता. त्यांचं सगळं ओझं एका वाक्यात उतरवता आलं असतं, आणि ते वाक्य माझं नव्हतं. मी देवाधर्मातला माणूस नाही, काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "अहो, तोपर्यंत मी तरी कुठे असणार आहे?"

"मग उठल्यावर सांगा," ते म्हणाले.

मी बरं म्हटलं.