चिनीमातीच्या भट्टीला वारा

तर काल सांगता सांगता राहिलं ते हे. व्हर्लिन कुबेना अग्निशमन दलाच्या हॉलवर टेबलं मांडून घरी परतला आणि ट्रकमधून उतरता उतरताच त्याला धुराचा वास बदललेला जाणवला. पहाटे पाचला मांस धुरावर शिजवायची भट्टी पेटवली तेव्हा ओकच्या लाकडाचा धूर गोडसर येत होता. आता तो नाकाला झोंबत होता. बेचाळीस वर्षं शाळेच्या बसगाड्यांचे रोग नुसत्या वासावर ओळखलेला माणूस तो. जे व्हायचं ते झालंय, हे त्याला कुंपणापाशीच कळलं.

अंगणात त्याचा मेव्हणा एल्रॉय खुर्ची टाकून बिअर पीत निवांत बसला होता. भट्टीच्या झाकणावरचा काटा सकाळपासून अडीचशे फॅरनहाइटवर होता, तो चारशेच्या पुढं गेलेला.

"खालची झडप कुणी उघडली?"

"मी. दाजी, मांस आतून तीन तास एकशे साठावरच अडून बसलं होतं. सहाला पंगत आहे. म्हटलं, थोडा वारा द्यावा."

"अडतंच ते. बीफच्या छातीचा तुकडा आहे, त्याला घाम सुटतो. घाम आटला की आपोआप चढतं. तुला हे मी सांगायचं? इतकी वर्षं काय मांसाऐवजी टोपीला धूर देत होतास?"

"माझ्या भट्टीला मी देतोच की वारा. जास्त झालं तर झडप लावायची, उतरतं."

त्याची भट्टी म्हणजे आडवं लोखंडी पिंप. ते तापतं तसं निवतं. ही चिनीमातीची, टरबुजासारख्या जाड सालीची. एकदा उष्णता प्यायली की तासन् तास सोडत नाही.

गेल्या वर्षी व्हर्लिनच्या पाठीचं ऑपरेशन झालं. ओंडके उचलायचे बंद झाले, म्हणून मुलीनं त्याला ही भट्टी आणून दिली. आकारावरून गावानं तिचं नाव 'अंडं' ठेवलं. दलाच्या चाळीस माणसांचं वार्षिक जेवण एकतीस वर्षं त्याच्याच हातचं. पण यंदा जेवणाच्या कमिटीच्या प्रमुख हॅटी यानाकबाईंनी बैठकीत स्पष्टच सांगितलं होतं, "या अंड्यातून नीट निघालं तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षीपासून एल्रॉय."

आणि आता तोच एल्रॉय म्हणत होता, "तुमची पाठ अशी. म्हटलं, तुमच्यानं कुठं होणार, जरा हातभार लावावा."

व्हर्लिनचे कान लाल झाले. त्यानं दोन्ही झडपा लावल्या, आग अंगावर येऊ नये म्हणून झाकण आधी बोटभरच उचललं, मग मांसाचे दोन्ही तुकडे काढून खाटकाच्या खाकी कागदात गुंडाळले, ऊब टिकावी म्हणून जुन्या टॉवेलांत लपेटून बर्फाच्या रिकाम्या पेटीत ठेवले.

"ऊठ त्या खुर्चीवरून."

"का?"

"माझी आहे."

एल्रॉय पावणेदोन तास उभा राहिला. काटा अडीचशेवर आला तेव्हा मांस परत आत गेलं. मध्ये जॉर्जीन, म्हणजे व्हर्लिनची बायको, लिंबूपाणी घेऊन आली. भावाचं तोंड पाहिलं आणि दोन्ही पेले नवऱ्याजवळ ठेवून निघून गेली.

पंगत सहाऐवजी आठला बसली. लोक चुळबुळत होते. व्हर्लिननं मांसाच्या धाग्याला आडवी सुरी लावली. एका कडेला कोळसा झालेला होता, तो त्यानं कापून वेगळा काढला आणि सगळ्यांदेखत एल्रॉयच्या ताटात वाढला. एल्रॉयनं मुकाट्यानं खाल्ला.

यानाकबाईंनी एक काप बोटावर आडवा टाकला. तो दोन्हीकडून लोंबला, तुटला नाही. ओढला तेव्हा सुटला, म्हणजे मांस नेमकं शिजलेलं. त्यांनी खाल्ला, बोटं चाटली आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पण तुम्हीच. फक्त वेळेवर."

एल्रॉय खुर्ची सरकवत जवळ आला. "झालं ना सगळं नीट, दाजी? गेला ना राग?"

व्हर्लिन सुरी पुसत होता. त्याचं उत्तर जसंच्या तसं असं: "माझी पाठ गेलीय, एल्रॉय. राग आहे तिथंच आहे. पुढच्या वर्षी त्या झडपेला बोट लावलंस, तर खाकी कागद तुला गुंडाळायला पुरेल एवढा आणून ठेवीन."