ब्रेक सोडल्यावर गाडी कुठं जाते

शेजारच्या सीटवर बसलेल्या वानखेडे सिस्टरांनी दरवाज्याचं हँडल आधीच घट्ट धरून ठेवलं होतं. चिकलठाणा एमआयडीसीचा आतला रस्ता, सोमवारची सकाळ, पुढं-मागं कुणी नाही. मी स्पीड पन्नासवर नेला आणि ब्रेक दाबला. स्टिअरिंग हातातून उजवीकडं निसटलं. गाडी थांबली तेव्हा पुढची दोन्ही चाकं मधल्या पांढऱ्या पट्ट्याच्या पलीकडं होती.

“हे असं,” सिस्टर म्हणाल्या.

आपल्याकडं समोरची वाहनं उजव्या हातानं येतात. म्हणजे ही गाडी ब्रेक मारला की समोरच्याच्या अंगावर जाणार. डावीकडं ओढली असती तर निदान रस्त्याच्या कडेला तरी उतरली असती.

सिस्टर फर्दापूरकडच्या सरकारी दवाखान्यात नर्स आहेत. नवरा पुण्याकडं कंपनीत. सहा वर्षांची मुलगी प्रांजल इथं मुकुंदवाडीत सिस्टरांच्या आईजवळ राहते, शाळेसाठी. शनिवारी ड्यूटी संपली की सिस्टर स्वतः गाडी चालवत शंभरेक किलोमीटर यायच्या आणि सोमवारी पहाटे परत जायच्या. जुनी, सेकंडहँड घेतलेली छोटी गाडी. पण तिच्यामुळं शनिवारचं जेवण मुलीबरोबर व्हायचं.

दोन आठवड्यांपूर्वी सोमवारी परत जाताना अजिंठ्याचा घाट उतरत असताना पुढच्या ट्रकनं एकदम वेग कमी केला. सिस्टरांनी ब्रेक मारला. गाडी उजवीकडं गेली, समोरून बस येत होती. बसच्या ड्रायव्हरनं आपली गाडी डोंगराच्या बाजूला घातली म्हणून निभावलं. सिस्टरांनी हे आईला सांगितलं नव्हतं. मला सांगतानाही ड्यूटीवर रिपोर्ट द्यावा तसं सांगितलं. पुढच्या शनिवारी त्या बसनं आल्या. पोहोचल्या तेव्हा प्रांजल झोपलेली होती. त्याच्या पुढच्या शनिवारी रजा टाकून, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रांगत गाडी शहरात आणली. बुधवारी परत हजर व्हायचं होतं. माझ्याकडं दोन दिवस होते.

त्याआधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. एकानं व्हील अलाइनमेंट करून दिली. अलाइनमेंट म्हणजे चाकं एकमेकांशी सरळ रेषेत आहेत का ते बघणं. पण अलाइनमेंट बिघडली असेल तर गाडी नुसती चालतानाही एका बाजूला जाते. ही हात सोडले तरी सुतासारखी सरळ जात होती. ब्रेक मारला तरच वाकडी. दुसऱ्यानं ब्रेकपॅड बदलले. त्यानंही फरक पडला नव्हता.

ब्रेकचं काम सोपं आहे. पायाखालचं पेडल दाबलं की तेल ढकललं जातं. ते पाइपांतून प्रत्येक चाकापर्यंत जातं. पुढच्या चाकांजवळ कॅलिपर नावाचा चिमटा असतो. तेलाच्या दाबानं त्यातला पिस्टन पुढं सरकतो, चिमटा आवळतो आणि त्यातले दोन पॅड चाकाबरोबर फिरणारी डिस्क पकडतात. दोन्हीकडं सारखीच पकड बसली तर गाडी सरळ थांबते. एकीकडं कमी बसली तर गाडी दुसरीकडं ओढते. म्हणजे उजवीकडं ओढणाऱ्या गाडीत दुखणं बहुतेक डाव्या चाकात असतं. नवशिके इथंच फसतात.

मी नवशिका नाही. डावं चाक खोललं. पॅड नवे, कोरडे, तेलाचा डाग नाही. डिस्क चांगली. पिस्टन मागं ढकलून बघितला तर लई जड. सरकतच नव्हता. मी म्हटलं, सापडलं. पिस्टन अडकलाय. कॅलिपर खोलला, साफ केला, आतलं रबरी सील नवं टाकलं, पिनांना ग्रीस लावलं, पेडल दाबत थोडं तेल सोडून पाइपातली हवा काढली. संध्याकाळी ट्रायल घेतली. गाडी उजवीकडं.

मंगळवारी सकाळी डाव्या-उजव्या बाजूचे पॅड आपसांत बदलले. तरी उजवीकडं. चाक जागेवर धरणाऱ्या खालच्या आर्मचे रबरी बुश बघितले. ते ढिले असले तर ब्रेक मारल्यावर अख्खं चाकच जागेवरून हलतं. बुश घट्ट होते. टायरची हवा दोनदा मोजली. सगळं बरोबर आणि गाडी वाकडी.

दुपारी बाराच्या सुमारास सिस्टर आल्या. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना समजलं असावं.

“काका, होत नसलं तर सांगा. मी विकून टाकते.”

“विकली तर घेणारा जाईल समोरच्याच्या अंगावर.”

त्या गॅरेजच्या दारात उभ्या राहून गाडीकडं बघत राहिल्या. मागच्या सीटवर मुलीचं रंगवायचं पुस्तक पडलेलं होतं. मग त्या म्हणाल्या, “प्रांजल शनिवारी पाचपासून गेटवर उभी असते. मला यायला आठ वाजतात, माहीत असतं तिला. तरी पाचपासूनच.”

मी चार वाजता या म्हणालो. का म्हणालो ते मलाही ठाऊक नव्हतं.

त्या गेल्यावर मी स्टुलावर बसलो आणि पहिला विचार आला तो सय्यदभाईंचा.

आमच्या घरात आजोबांपर्यंत भिक्षुकी होती, वडील तहसील कचेरीत कारकून. हाताला ग्रीस लागलेला मी पहिला. सय्यदभाईंनी मला शिकवलं आणि पुढं आम्ही दोघांनी मिळून हे गॅरेज काढलं. सव्वीस वर्षं एकत्र काम केलं. ते मला पंडित म्हणायचे. सुरुवातीला चेष्टेनं, नंतर ते माझं नावच झालं. तीन वर्षांपूर्वी साखरेमुळं त्यांची नजर अधू झाली. नट हाताला लागायचा पण डोळ्यांना दिसायचा नाही. मुलगी येऊन त्यांना हैदराबादला घेऊन गेली.

पहिल्या वर्षी ईदेला मी फोन केला, दिवाळीला त्यांनी केला. दोन्ही वेळा तब्येत विचारून झाली की बोलणं संपलं. सव्वीस वर्षं आम्ही फक्त गाड्यांबद्दल बोललो होतो. हा आवाज कसला, ते बेअरिंग कुणाचं, क्लचला वास का येतोय. गाडी समोर नसली की आम्हाला एकमेकांशी काय बोलायचं हे कळत नसे. मग फोन मागं पडले. पण रोज चहा आला की मी त्यांच्या खिडकीजवळच्या जागेकडं एकदा बघायचो. सवय मोडत नव्हती. कुणाला सांगण्यासारखं नव्हतं ते.

त्या दुपारी माझ्याकडं कारण होतं. फोन लावला.

दुसऱ्या रिंगला उचलला. “हौ पंडित, बोल.” जणू सकाळीच भेट झाली होती.

मी तब्येत विचारली नाही. सरळ गाडी सांगितली. काय खोललं, काय बदललं, सगळं क्रमानं. माझं झालं तेव्हा मागं कुठं तरी टीव्ही चालू होता, तो त्यांनी कुणाला तरी बंद करायला लावला.

“दबाया तो किदर जाती वो मेरेको नक्को बोल,” ते म्हणाले. “छोड्या तो किदर जाती, वो बोल.”

ब्रेक सोडल्यावर गाडी कुठं जाते. मला सांगता येईना. दोन दिवसांत पाच-सहा वेळा ट्रायल घेतली होती. प्रत्येक वेळी उजवीकडं जाणारं स्टिअरिंग सावरण्यातच सगळं लक्ष. सोडल्यानंतर काय होतं ते मी बघितलंच नव्हतं.

त्यांनी अजून एक विचारलं. हवा काढताना डाव्या चाकाकडं तेल कसं आलं? धारेनं की थेंबथेंब? तेव्हा आठवलं, रडत-रडत आलं होतं. मी बुडबुडे बघत होतो, धार बघत नव्हतो.

मी फोन ठेवला आणि गाडी बाहेर काढली. ब्रेक दाबला, गाडी उजवीकडं. सोडला आणि स्टिअरिंग हलकं धरून नुसता बसून राहिलो. दोन-तीन क्षण गाडी डावीकडं झुकली. मग सरळ झाली. उतरून हात लावला तर डावं चाक उजव्यापेक्षा गरम.

परत फोन केला. ते वाटच बघत असावेत, कारण रिंग वाजायच्या आत उचलला. ऐकल्यावर हसले. लोखंडी पाइपापासून कॅलिपरपर्यंत एक वीतभर रबरी पाइप असतो, चाक वळतं म्हणून तो लवचीक ठेवतात. तो आतून सुजलाय, ते म्हणाले. तेलाला जायलाही उशीर, परत यायलाही उशीर. जायला उशीर म्हणून ब्रेक दाबल्यावर डावीकडची पकड मागाहून येते, यायला उशीर म्हणून सोडल्यावर ती मागं राहते. पिस्टन मागं ढकलताना जड लागला तो अडकल्यामुळं नव्हता. त्याच्या मागचं तेल बाहेर पडत नव्हतं.

पण नुसतं ऐकून पाइप बदलायचा नाही, आधी खात्री करायची, हेही त्यांनी बजावलं. मी गाडी जॅकवर घेतली, ब्रेक जोरात दाबून सोडला. डावं चाक हातानं फिरेना. रबरी पाइपाच्या वरच्या टोकाचा नट सैल केला. तेल आलं, पण चाक तसंच घट्ट. म्हणजे दाब त्याच्या खाली कोंडलेला. मग खाली कॅलिपरवरचा हवा काढायचा स्क्रू किंचित उघडला. तेलाची पिचकारी उडाली आणि चाक मोकळं फिरलं. वर आणि खाली याच्या मधोमध फक्त तो पाइप होता.

शहरातून पाइपांची जोडी मागवली. एका बाजूचा गेला की दुसऱ्याचाही बदलायचा, वय दोघांचं सारखंच असतं. तेल सगळं नवं भरलं. साडेतीनला त्याच रस्त्यावर पन्नासच्या स्पीडनं ब्रेक दाबला आणि स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलले. गाडी पट्ट्याला समांतर थांबली. सोडल्यावरही सरळ.

चार वाजता सिस्टर आल्या. मी त्यांनाच चालवायला दिली. पहिल्यांदा त्यांनी ब्रेक इतका हळू दाबला की काहीच समजेना. मी म्हणालो, घाटात दाबला होता तसा दाबा. त्यांनी ओठ मिटले आणि दाबला. गाडी सरळ थांबली. त्यांनी मग घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, शाळा सुटायला वीस मिनिटं आहेत, आज मीच आणायला जाते.

मी सय्यदभाईंना कळवायला फोन केला. त्यांना एवढं पुरलं नाही. जुना पाइप काप म्हणाले. उभा चिरला. बाहेरून एकही भेग नव्हती, आतलं रबर सुजून भोक बंद होत आलेलं. व्हिडिओ कॉल करू का विचारलं, तर म्हणाले, दिसत नाही रे, तू सांग. मग मी सांगितलं. सायकलचा स्पोक घालून बघितला, अर्ध्यात अडला, तेही सांगितलं. रंग विचारला, वास विचारला. मी सगळं सांगितलं. ते चौथ्या मजल्यावर राहतात. खाली गाड्या जातात त्यांचे आवाज दिवसभर ऐकतो, म्हणाले. एका स्कूटरची चेन ढिली आहे, रोज सकाळी जाते, कुणाची ते समजत नाही, नाहीतर सांगितलं असतं.

मी फोन ठेवणार होतो.

“बंद नक्को कर,” ते म्हणाले. “तू काम कर. मैं सुनताऊँ.”

मी फोन बाकावर ठेवला आणि दुसऱ्या एका गाडीचं चाक खोलायला घेतलं. तासभर आम्ही एकमेकांशी काहीच बोललो नाही. एकदाच त्यांचा आवाज आला, तो नट वाकडा बसतोय म्हणून. खरंच वाकडा बसत होता.

बुधवारी सकाळी नऊला सिस्टरांचा फर्दापूरहून फोन आला. घाट उतरून दवाखान्यात पोहोचल्या होत्या.

गाडीवाल्यांनी यातून एवढंच घ्यावं. रबरी पाइप बाहेरून चांगला दिसला म्हणून आतून चांगला असतो असं नाही. गाडी जुनी झाली असेल तर तो बदलून टाका. मेकॅनिकांनी ट्रायल घेताना ब्रेक सोडल्यानंतर दोन क्षण गप्प बसून राहावं, गाडी सांगते.

मी आता दर मंगळवारी दुपारी हैदराबादला फोन करतो. अडलेली गाडी दर आठवड्याला कुठून आणणार? नसली की मी एखादी मनानंच तयार करतो. सय्यदभाईंना ते लगेच कळतं. तरी ते सगळे प्रश्न नीट, एकापाठोपाठ एक विचारतात.