अस्तराची नदी

माझी पहिली नदी अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, शिंपीकामाच्या दुकानातून निघाली. पुढे बालनाट्यासाठी मी डोंगर केले, राजवाडे केले, एक बोलका फणससुद्धा केला. पण त्या नदीइतकं कुणी मला छळलं नाही.

चित्रकलेचं शिक्षण संपताच अप्पांनी आपल्या कन्नडमिश्रित मराठीत बजावलं होतं, "एकच नाटक कर. मग साकु, पुरे. माझ्याजवळ बसून ब्लाऊज शिवायला शीक." नाटक म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, हे त्यांचं ठाम मत. मला मात्र त्या मशीनची खडखड ऐकूनच झोप यायची.

नाटकात बेडूक होता, बगळा होता आणि मधोमध नदी हवी होती. अप्पांनी निळ्या अस्तराचा तागा दिला, पण डाग न पडता परत आणायच्या अटीवर. मी तो रंगमंचावर ऐटीत पसरला. मग मुलं बसणार होती त्या जमखान्यावर बसून पाहिलं, तर नदी गायब. खालून नुसती कापडाची कड दिसत होती. मी घरोघर हिंडून जुनी पोती मागितली, अस्तराखाली उंचसखल रचली, आणि नाटकातल्या दोघा मदतनिसांना विंगेत बसवून कापडाची टोकं हलवायला लावली. आता पाणी वाहू लागलं.

प्रयोग आमच्याच शहरातल्या जयलक्ष्मीपुरम भागातल्या एका शाळेत होता. अप्पा शेवटच्या रांगेत बसले होते, नाटकापेक्षा अस्तरावर नजर ठेवून. नाटक संपल्यावर मुलांना बेडकाला भेटायला वर बोलावलं. पहिली चिमुरडी नदीच्या काठाशी थबकली. तिनं चपला हातात घेतल्या, फ्रॉक वर धरला आणि जपून पलीकडे गेली. मागची सगळी रांग तशीच चपला हातात घेऊन निघाली. विंगेतल्या दोघांना टोकं हलवणं थांबवताच येईना. मला इतका आनंद झाला की रडूच यायला लागलं.

तेवढ्यात अप्पा वर आले. झालं, आता तागा गुंडाळणार आणि मला मशीनवर बसवणार, असं मी धरूनच चालले. त्यांनीही चपला काढल्या. अस्तर मळू नये म्हणून असेल, मला वाटलं.

मग त्यांनी धोतर गुडघ्यापर्यंत उचललं आणि सावकाश नदी ओलांडली.

पलीकडे पोचल्यावर म्हणाले, "नोडु, बघ, मध्ये पाणी कमी पडतंय. उद्या दुकानातनं आणखी एक तागा ने."