एकही ऊ नव्हती

माझ्या मुलीच्या डोक्यात लहानपणी इतक्या उवा झाल्या की गोटा करावा लागला, असं आमची सगळी भावकी समजते. ते खोटं आहे आणि ते मी पसरवलं.

तिचे केस माझ्या आईवर गेलेले. कुरळे, राठ, सदा पिंजारलेले. दर रविवारी बायको तिला शिकेकाईनं न्हाऊ घालायची, ओल्या केसांतच खोबरेल चोळून बोटांनी गुंता सोडवायची आणि घट्ट दोन वेण्या घालायची. हे चालू असताना मी शेजारीच पेपर वाचत असायचो. कधी मान वर करून पाहिलं नाही.

मुलगी दुसरीत असताना सासूबाई आजारी पडल्या, म्हणून बायको पाथर्डीला माहेरी गेली. चार दिवस मी त्या डोक्याला हात लावला नाही. पाचव्या दिवशी शाळेत झेंडावंदन होतं, लाल रिबिनी बांधून यायला सांगितलेलं. कोरड्या केसांत मी थेट मुळापासून फणी घातली. ती अडकली. मी ओढली. पोर ओरडायला लागली, फणीचे दोन दात मोडले. तेव्हा मी शिलाई मशिनच्या खणातली कात्री घेतली आणि एका बाजूचा गुंता कापूनच टाकला. मग डोकं असं दिसायला लागलं की न्हाव्याकडं नेण्यावाचून इलाज उरला नाही.

परतताना शेजारच्या घरातून थोरल्या वहिनींनी पाहिलं.

"भावजी, पोरीचं डोकं का बोडलं?"

"उवा झाल्या हुत्या, वहिनी. लई."

पोरीचं बोट माझ्या हातात होतं. तिनंही ते ऐकलं आणि खरं मानलं.

बायको आली त्या दिवशी वहिनींनी तिला ओट्यावरच गाठलं. "एकच तर पोर हाय. तिचं डोकं बघायला बी येळ न्हाई व्हय तुला?" बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी सायकलीत हवा भरत राहिलो. पुढं कुठल्याही लग्नात पोरींची अंथरुणं घालताना वहिनी म्हणायच्या, "हिचं जरा लांब घाला." हसत म्हणायच्या, पण म्हणायच्या.

बायको भांडली नाही. तिचा स्वतःवरचाच भरवसा गेला. केस परत वाढले तशी ती रोज संध्याकाळी, उजेड आहे तोवर, पोरीला पुढ्यात घेऊन एकेक बट उलटून बघायची. काही सापडायचं नाही. तरी बघायची. मी एका वाक्यात ते थांबवू शकलो असतो. आता तिला जाऊन सहा वर्षं झाली.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलगी नातीला घेऊन आली. नातीचेही केस तसेच. मुलगी जवस उकळून गाळलेला चिकट गर तिच्या ओल्या केसांना लावत होती आणि मोठ्या दातांच्या कंगव्यानं टोकाकडून हळूहळू वर येत होती. नात मोबाईल बघत बसलेली, हूं नाही की चूं नाही.

"तुझ्या आजीनं आधी उवा शोधल्या असत्या," मुलगी तिला म्हणाली. "फार धसका घेतला होता तिनं."

मी म्हणालो, "तुझ्या डोक्यात एकही ऊ नव्हती. मला विंचरता येईना, म्हणून कापले."

कंगवा थांबला. "आईला माहीत होतं?"

"नाही."

"दहावीपर्यंत बघायची ती माझं डोकं, अण्णा." तिनं पुन्हा नातीची बट हातात घेतली. "मला काय सांगताय? काकूला सांगा."

वहिनींना आता ऐकू कमी येतं. मला दोनदा सांगावं लागलं, दुसऱ्यांदा ओरडून. आतून त्यांच्या सुनेनंही ऐकलं असणार.

"म्हंजी मी तिला उगंच बोलले व्हय, भावजी?"

"व्हय."

"आन् तुमी ऐकत हुता."

मी मान हलवली. त्यांनी सुनेला हाक मारून सांगितलं, चहा ठेवू नको.