सासऱ्यांची फुलचोरी

माझे सासरे चोर आहेत हे मला लग्नानंतर आठवड्याभरातच कळलं होतं. सकाळी फिरून आले की त्यांच्या हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तगर, कण्हेर, जास्वंद असं काय काय असायचं, आणि आमच्या बाल्कनीत तर साधी तुळससुद्धा धड जगत नव्हती. अहो, आमच्या भागातली निम्मी निवृत्त मंडळी सकाळी याच कामावर असतात. कुणाकडे आकडी असते, कुणाकडे छत्री. कुंपणावर ‘फुले तोडू नयेत’ अशी पाटी असली तर ती वाचतात, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढतात आणि मग तोडतात.

मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. तिसऱ्या वर्षाचा गुन्हेगारी आणि विचलनाचा पेपर माझ्याकडे आहे. गुन्हा करणारा माणूस स्वतःच्या मनाला कशा सबबी देतो, हे शिकवताना मला कधी पुस्तक उघडावं लागलं नाही. एकदा मी सासऱ्यांना गमतीने विचारलं, “बाबा, चोरीची फुलं देवाला चालतात?” ते म्हणाले, “विचारून सांगतो.” आणि मग, “अगं, झाडावर ठेवली तरी संध्याकाळी माना टाकतातच. नुकसान कुणाचं झालं?” नुकसान नाकारणे. परीक्षेत हमखास येणारा मुद्दा, आणि तो आमच्या घरात चहा पीत बसलेला!

मग सोसायटीत कॅमेरे बसले. तळमजल्यावर आमचे अध्यक्ष राहतात, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्या खिडकीसमोर जास्वंदीची रांग आहे. सकाळी तिथे बाबांच्या आधीच कुणीतरी हात मारून जायचं. म्हणून बाबा आदल्या संध्याकाळीच कळ्या खुडायचे आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे. सकाळी घरातच त्या उमलायच्या. एका संध्याकाळी हा सगळा प्रकार सोसायटीच्या ग्रुपवर आला. माकडटोपी घातलेले बाबा इकडेतिकडे बघतायत, कळ्या खिशात घालतायत. खाली कुणीतरी लिहिलं, “वडील फुलं नेतात, चिरंजीव फंड सांभाळतात. छान आहे.” माझा नवरा सोसायटीचा खजिनदार आहे.

तो लालबुंद होऊन घरी आला. बाबा शांत होते. म्हणाले, “घेतल्या मी कळ्या. चूक झाली. मीटिंगमध्ये उभा राहून माफी मागतो.” इतकं सोपं होतं हो ते! पण तेवढ्यात अध्यक्षच वर आले आणि सोफ्यावर टेकत म्हणाले, “माफीबिफी कशाला? ती इतिवृत्तात जाणार, कायमची राहणार. यांचं वय झालंय, विसरायला होत असेल. डॉक्टरांकडून तसं लिहून आणा, विषय संपला.” हे ते बाबांच्या देखत बोलत होते, बाबा खोलीत नसल्यासारखे. नवऱ्याने ते लगेच उचलून धरलं.

मी भडकले. पूर्वी कैद्यांच्या कवट्या मोजून ‘हा जन्मजात चोर’ असं ठरवणारे डॉक्टर होते. मग मनाचे डॉक्टर आले आणि त्यांनी चोरीचा आजार केला. मग आमची समाजशास्त्राची मंडळी आली. ती म्हणाली, त्या माणसाकडे काय बघता, त्याला नाव कोण ठेवतंय ते बघा. वर्षानुवर्षं मी हे घसा कोरडा पडेपर्यंत सांगत आलेय. नवऱ्याला म्हटलं, “अरे, शिक्षा एक दिवस संपते. आजारी ठरवलंस तर ते कधीच सुटणार नाहीत.”

“लेक्चर नको,” तो म्हणाला. “मला त्याच लोकांसमोर उभं राहून हिशेब वाचायचे आहेत.”

डॉक्टरांकडे आम्ही तिघं रिक्षाने गेलो. बाबा पुढे वाकून रिक्षावाल्याला सांगत होते, “लक्ष्मी रोडने घालू नका, अडकाल. नदीपात्रातल्या रस्त्याने घ्या.” मला म्हणाले, “आज संकष्टी. चंद्रोदय बराच उशिरा आहे, तू उपास करत बसू नकोस, तुला कॉलेज असतं.” मी नवऱ्याकडे बघितलं. तो फोनमध्ये होता आणि ग्रुप टुणटुण वाजत होता.

डॉक्टरीणबाई तरुण आणि फार प्रेमळ होत्या. त्यांनी वार विचारला, तिथी विचारली. बाबांनी तोंड उघडलं आणि त्यांची नजर मुलाकडे गेली. नवरा खुर्चीच्या टोकावर बसला होता, लहानपणी निकालाच्या दिवशी बसत असेल तसा. कपाळावर घाम. बाबा त्याच्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, “वार... काही आठवत नाही बुवा.”

“तिथी?”

“एकादशी असेल.”

आपण कुठे आहोत असं विचारल्यावर म्हणाले, “कसब्यात, घरी.” खडकवासल्याला पाटबंधारे खात्यात पाण्याचे आकडे मांडण्यात हयात गेलेला माणूस, शंभरातून सात वजा करायला सांगितल्यावर बोटं मोजत बसला. मी बोलायला पुढे झाले तर त्यांनी टेबलाखाली माझं मनगट घट्ट दाबलं. इतकी शुद्धीवरची पकड मी कुणाची अनुभवलेली नाही.

स्मरणशक्ती कमी झाल्याची लक्षणं आहेत, घरच्यांनी देखरेख ठेवावी, असं लिहून मिळालं. नवऱ्याने त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. सगळे विरघळले. हात जोडलेली चित्रं आली, “काका, काळजी घ्या” आलं.

आणि आमचं घर बंद झालं. लोखंडी जाळीच्या दाराला कुलूप लागलं. काकांना एकटं सोडायचं नाही, असं वॉचमनला बजावलं गेलं. गॅस खालून बंद, फोनमधलं बँकेचं काढून टाकलेलं. बाबा पेपर वाचून सरकारला शिव्या द्यायला लागले की नवरा टीव्ही लावायचा, त्यांचं मन रमावं म्हणून. त्यांच्या प्रत्येक वाक्यानंतर आम्ही सगळे एक क्षण थांबायला लागलो, ते बरोबर बोलले का हे तपासायला. मीसुद्धा!

एकदा जेवताना बाबांनी सांगून टाकलं. “मी मुद्दाम चुकलो होतो रे. मला सगळं येत होतं.”

“हो बाबा,” नवरा म्हणाला. “गोळी घेतलीत का?”

स्वयंपाकघरात मी त्याला गाठलं. रिक्षातलं सगळं सांगितलं, संकष्टीचं, नदीपात्राचं, मनगटाचं. तो म्हणाला, “आपल्याला काही झालेलं नाही असं वाटणं हेच लक्षण असतं. आणि समजा, ते खरं बोलतायत. मग ग्रुपवर काय टाकू? आधी चोर होतो, आता खोटारडेही आहोत?” दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ या असं बाबांनाच म्हटलं, तर ते म्हणाले, “राहू दे गं. त्याची मान खाली जाईल.” सगळीकडून दार बंद, आणि प्रत्येकाने ते मायेनेच लावलेलं!

वर्गात एका मुलीने विचारलं, “मॅम, लेबल एकदा लागलं की रिमूव्ह कसं करायचं? सिलॅबसमध्ये आहे का?” नाहीये, म्हटलं. बाकीचा तास मी मुलांना वाचत बसायला सांगितलं.

गेल्या रविवारी सकाळी मी बाबांना खाली फिरायला नेलं. अध्यक्ष खिडकीपाशी खुर्ची टाकून पेपर वाचत होते. बाबांनी माझा हात सोडला, तरातरा जास्वंदीपाशी गेले, कॅमेऱ्याच्या बरोबर खाली उभे राहिले आणि मान वर करून त्यात बघितलं. मग एक फूल तोडलं. मोठ्याने म्हणाले, “अहो अध्यक्ष, इकडे बघा. मी तुमचं फूल चोरलंय. कळून सवरून चोरलंय. टाका ग्रुपवर!”

मला इतकी आशा वाटली की काय सांगू. ओरडा हो एकदा त्यांच्यावर, मी मनात म्हणत होते, चोर म्हणा!

अध्यक्ष पेपर बाजूला ठेवून बाहेर आले. माझ्याकडे बघून त्यांनी समजूतदारपणे मान हलवली आणि आपल्या हाताने आणखी चार फुलं तोडून बाबांच्या ओंजळीत घातली.

“घ्या काका,” ते म्हणाले, “रोज येऊन हवी तेवढी घ्या. तुम्हाला कुणी काही बोलणार नाही.”