लेन्समधून दिसलेला तीळ

मला मॅक्रो लेन्स हवी होती ती मुंग्यांसाठी. मी बसवकल्याणच्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. कीटकांच्या धड्यातली चित्रं मुलं वहीत हुबेहूब उतरवतात, पण खरी मुंगी तोंड कसं हलवते हे त्यांनी कधी पाहिलेलं नसतं. माझ्याकडे जुना कॅमेरा होता. त्याच्या लेन्समधून मुंगी म्हणजे पानावरचा एक ठिपका दिसायची.

नव्या मॅक्रो लेन्सच्या किमती मोबाईलवर बघितल्या आणि तो नाद सोडला. मग स्वस्तातले उपाय शोधायला लागले. एक म्हणजे लेन्सच्या पुढे फिरवून बसवायची भिंगं. ती एका ओळखीच्या फोटोग्राफरकडून आणून पाहिली. फोटोच्या मध्यभागी मुंगी बरी दिसली, पण कडांना सगळं ओघळल्यासारखं. शेवटी एका शनिवारी शाळा सुटल्यावर कलबुर्गीची बस धरली. तिथे जुने कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या चाचांचं लहानसं दुकान आहे असं कळलं होतं.

त्यांच्या कपाटात एक वापरलेली मॅक्रो लेन्स होती. मी हरखून गेले. चाचांनी मागून बॅटरी मारली आणि मला आत बघायला लावलं. काचेच्या आत पांढऱ्या तंतूंचं जाळं पसरलं होतं.

"बुरशी है बेटी. हर फोटो धुंदला आयेंगा," ते म्हणाले. "तुमको नक्को."

"मग मी काय घेऊ चाचा? नवी परवडत नाही."

"नवी कायकू होना? कीडा तो वहीच रैता."

त्यांनी एक जुनी, हाताने फोकस करायची लेन्स काढली. तिच्यासोबत तीन पोकळ नळ्या. नळ्यांत काच नव्हती, नुसती पोकळी. त्या कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसवल्या की लेन्स पुढे सरकते आणि अगदी जवळची वस्तू मोठी दिसते, हे त्यांनी मला आपल्या घड्याळाच्या काट्यावर करून दाखवलं. अशा स्वस्त नळ्यांतून कॅमेऱ्याचा लेन्सशी संबंध तुटतो, म्हणून लेन्स जुनीच हवी. उजेड कमीजास्त करायची कडी तिच्या अंगावरच असते. फोकससाठी आपणच श्वास रोखून पुढेमागे व्हायचं. मी ते सगळं घेऊन निघाले, आणि घरी न जाता तशीच माहेरी निर्ण्याला गेले. तिथे शेत होतं, गोठा होता, किडे हवे तेवढे होते.

रविवारी सकाळी मी गोठ्याच्या भिंतीवरच्या मुंग्यांचे फोटो काढत होते. अप्पा, माझे वडील, म्हशींना वैरण टाकून माझ्यामागे येऊन उभे राहिले.

"काय बघायलीस गं एवढं वाकून?"

मी स्क्रीनवर मुंगीचं डोकं दाखवलं. अप्पा चकित झाले. मग हसत म्हणाले, "माझ्या तिळाचा काढ की एक. बघू तर कसा दिसतोय."

अप्पांच्या उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीत, अगदी केसांच्या मुळाशी, आठ-दहा दिवसांपासून एक काळपट तीळ आला होता. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की म्हातारपणी डोळ्यावर तीळ येणं भाग्याचं. तेव्हापासून ते रोज आरशात बघायचे. आईला मात्र ती चामखीळ वाटायची. घोड्याचा केस बांधून ती पाडायचा तिचा विचार होता, आणि तसा केस तिने शेजारून आणूनही ठेवला होता.

मी अप्पांना उन्हात बाजेवर बसवलं. "डोळा मिटा आणि हलू नका," म्हणाले. लेन्स पापणीपासून चार बोटांवर नेली. श्वास रोखून तीन-चार फोटो काढले आणि सावलीत येऊन बघायला लागले.

पहिला फोटो हलला होता. दुसऱ्यात पापणीचे केस दोरखंडासारखे दिसत होते. त्यांच्या मुळाशी एक राखाडी, चकचकीत, फुगलेली गोष्ट होती. मी फोटो मोठा केला. तिला पाय होते.

मी मोजले. एका बाजूला चार. दुसरी बाजू केसांआड होती. डोकं दिसतच नव्हतं, ते कातडीच्या आत होतं. मी घाईने पुढचा फोटो उघडला. त्यात एक पाय वेगळ्या जागी होता.

रोज म्हशींच्या कानातून काढून फेकतात ती गोचीड. माझ्या बापाच्या पापणीत, जिवंत.

मी विज्ञानाची शिक्षिका. गोचिडीचं चित्र फळ्यावर कितीदा काढलं असेल! आदल्या संध्याकाळी याच डोळ्यासमोर बसून जेवले होते आणि "तीळ छान दिसतोय अप्पा" असंही म्हणाले होते.

"कामून गप बसलीस?" अप्पांनी विचारलं.

मी कॅमेरा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी बराच वेळ बघितलं. त्यांचा हात आपोआप डोळ्याकडे गेला आणि मी तो मधेच घट्ट पकडला.

"अप्पा, हात लावू नका!"

माझ्या ओरडण्याने आई आणि थोरला भाऊ अण्णा धावत आले. फोटो बघून अण्णा चिमटा आणायला आत पळाला. शेजारच्या अक्का कुंपणावरून म्हणाल्या, "रॉकेलचा थेंब सोडा, आपोआप सुटतंय."

"डोळ्यात रॉकेल?" मी किंचाळलेच. "कुणी काही करायचं न्हाई. ओढली तर तोंड आतच राहील. अण्णा, गाडी काढ."

हुमनाबादला डोळ्यांच्या एक डॉक्टर रविवारीही तपासतात. वाटेत मोटारसायकलवर अप्पा अण्णाच्या मागे ताठ बसले होते, डोळा मिटून. मी त्यांच्या मागे. त्यांनी अण्णाचा खांदा मुठीत आवळून धरला होता. अप्पांना घाबरलेलं मी त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं.

घाईत कॅमेरा घरीच राहिला होता, आणि डॉक्टर आधी माझं ऐकूनच घेईनात. "तीळच असेल हो," म्हणाल्या. मग त्यांनी अप्पांची हनुवटी यंत्रावर टेकवली, आत पाहिलं आणि झटकन मागे सरकल्या. पापणी बधिर करून, बारीक चिमट्याने, कातडीलगत धरून त्यांनी ती हळूहळू सरळ वर काढली. डोक्यासकट निघाली. बाटलीत टाकली तेव्हा ती चालायला लागली.

"माझं रगत पिऊन फुगायलं होतं," अप्पा बाटलीकडे बघत म्हणाले, "आन् मी तेच आरशात बघून खूश व्हायलो होतो."

डॉक्टरांनी मलम दिलं. दोन आठवड्यांत ताप आला किंवा अंगावर पुरळ उठलं तर लगेच या, असं बजावलं. ते दोन आठवडे मी रोज सकाळ-संध्याकाळ फोन करून ताप विचारत होते. आला नाही. पापणीवर लहानसा लाल डाग राहिला होता, तोही गेला. अण्णाने गुरांचा डॉक्टर बोलावून म्हशींना औषध मारून घेतलं.

त्या दुपारी आम्ही परतलो तेव्हा आईने तो घोड्याचा केस चुलीत टाकला होता. थोड्या वेळाने अंगणात येऊन उन्हात बसली, डोक्यावरचा पदर काढला आणि कानामागचे केस बाजूला केले.

"माझं बी बघ," म्हणाली. "त्यातूनच बघ."

मी बघितलं. काही नव्हतं. तिच्यानंतर शेजारच्या अक्का बसल्या, मग त्यांची सून. प्रत्येक वेळी स्क्रीनकडे नजर नेण्याआधी मला क्षणभर डोळे मिटावे लागत होते.