नदी उतरून राहिली

मी पदवीधर झालो तो माझ्या आत्यामुळे. उमरेडला आमच्या घरी माग होता, आणि मॅट्रिकनंतर मलाही त्यावर बसवायचे ठरले होते. लग्नानंतर वर्षभरातच विधवा होऊन माहेरी परतलेली आत्या तेव्हा वडिलांना म्हणाली, "त्याच्या वाट्याचं काम मी करीन. त्याले शिकू दे." मी नागपूरला शिकत होतो तितकी वर्षे ती चरख्यावर माझ्याही वाट्याच्या, मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरत राहिली. शेवटी तिची बोटे मुठीत वळेनाशी झाली.

मी नागपूरला निघताना तिने एकच बजावले होते. "तिथं शुद्ध बोलजो, बाबू. नाही तं हसतीन."

मी शुद्ध बोलायचो. पत्रेही पुस्तकी भाषेत लिहायचो. शेजारची सून ती आत्याला वाचून दाखवायची, आणि आत्या मध्येच तिला थांबवायची, "म्हणजे काय म्हणून राहिला वं तो?"

एका सुट्टीत मी तिला सांगितले, की सातपुड्याच्या जंगलात जमिनीतून आपोआप उकळते पाणी निघते. तिने चरखा थांबवला. "आपोआप कसं? खाली जाळ कोण लावते गा?" मी पुस्तकातले कारण सांगितले. ते तिला पटले नाही. "तू पाह्यलं काय?" मी पाहिले नव्हते. "मग पाहून ये आन् सांग मले." मी कबूल केले.

म्हणून कॉलेजातल्या चौघांनी त्या झऱ्यांपर्यंत पायी जायचा बेत आखला, तेव्हा मी आपण होऊन त्यांच्यात गेलो. बैठका धरमपेठेत, त्यांच्या म्होरक्याच्या व्हरांड्यात होत. त्याचे वडील बदलीवर पुण्याहून आलेले मोठे अधिकारी. मी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या, नंदनवन वस्तीतल्या खोलीवरून सायकल मारत जायचो. चहा सगळ्यांना कपात यायचा, मला पेल्यात. कप कमी पडले असतील, असे मी मनाला समजावले. पुढच्या बैठकीलाही कमी पडले.

"हा आपला हमाल आणि दुभाषा," म्होरक्याने माझी ओळख करून दिली. "जंगलात वाट चुकलो तर ह्याला पुढे करायचं. 'काहून गा, काहून गा' करत काढेल बाहेर."

सगळे हसले. मीही हसलो. ते हसू मला अजून जाळते.

नकाशा जमिनीवर पसरलेला असायचा. छिंदवाड्याच्या बाजूने शेवटच्या थांब्यापर्यंत बस, तिथून दोन मुक्कामांची पायवाट, आणि झऱ्यांच्या अलीकडे एक नदी. पूल नव्हता. दसऱ्याच्या सुट्टीत जायचे की दिवाळीच्या, हे त्या नदीवर ठरणार होते. आमच्या गावचे एक काका त्या भागातून लाकडाचा ट्रक आणत. त्यांना विचारून यायचे काम माझ्याकडे आले.

काका कॉटन मार्केटजवळ भेटले. म्हणाले, "नदी उतरून राहिली."

मी व्हरांड्यात येऊन त्यांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. म्होरक्याने नकाशाच्या कडेला लिहिले, 'नदी उतरलेली आहे', आणि 'दसरा' या शब्दाखाली रेघ ओढली.

"उतरलेली नाही," मी म्हणालो. "उतरून राहिली."

"तेच की. उतरली आणि राहिली."

"आणि राहिली कुठे?" कॅमेरा घेऊन बसलेला त्याचा मित्र म्हणाला. "मावशीकडे?"

"उतरून राहिली म्हणजे उतरते आहे. अजून पाणी आहे. दिवाळीपर्यंत थांबावं लागेल."

"मग तसं मराठीत सांगायचं ना!"

"मराठीतच सांगितलं."

"हे बघ," म्होरक्या गुडघ्यावर हात आपटून म्हणाला, "तुझ्या 'राहिली'पायी आम्ही सुट्टी घालवणार नाही. घाबरला असशील तर तसं सांग. शब्द फिरवू नकोस."

शब्द मी फिरवला नव्हता. तो काकांच्या तोंडून जसा निघाला तसाच त्यांच्यापर्यंत आणला होता. मी उठलो. आत्याने दिलेली ताकीद मला आठवत होती, तरी तोंडातून निघायचे ते निघालेच. "मी नाही येत. तुमाले बुडाचं असन तं बुडा!"

फाटकापर्यंत त्यांचे हसणे मागे येत होते. अपमानाचे मला फारसे काही वाटत नव्हते. आत्याला आता काय सांगायचे, एवढेच डोक्यात होते.

दसऱ्याला ते गेले. नदी छातीभर होती. दोर बांधून पलीकडे जाण्याचा प्रयत्न त्यांनी केला, त्यात शिध्याची पिशवी आणि कॅमेरा वाहून गेला आणि सगळे काठावरूनच माघारी आले. सुट्टीनंतर कॉलेजच्या जिन्यात म्होरक्याने मला गाठले. मला वाटले, आता तरी काही बोलेल. बोलला.

"तूच सांगितलं होतंस, नदी उतरलीय म्हणून. वाट लावलीस आमची."

त्याच्या शेजारी तो कॅमेऱ्यावाला उभा होता. त्याने मान डोलावली. मी त्यांना ओलांडून जिना चढून गेलो. त्यांना समजेल अशी भाषा मला येत होती, पण ती त्यांच्यासाठी वापरायची इच्छा उरली नव्हती. पुढे वर्षभर आम्ही एका वर्गात बसलो आणि एकमेकांशी बोललो नाही. त्यांना मी आजही माफ केलेले नाही, आणि करण्याचे कारण मला दिसत नाही.

जिन्यातल्या त्या भेटीच्या संध्याकाळी खोलीवर येऊन मी आत्याला पत्र लिहिले. नेहमीप्रमाणे 'तीर्थरूप आत्यास साष्टांग नमस्कार' असे लिहून झाल्यावर तो कागद फाडला, आणि दुसरा घेतला.

"आत्या वं,

मी गरम पाण्याच्या झऱ्यावर नाही गेलो. इथल्या पोट्ट्यायसंगं माहं जमलं नाही. तू म्हटलं होतं शुद्ध बोलजो, तसा बोललो, तरी हासले. म्हणून आता तुह्याशी तरी असंच बोलतो.

खाली जाळ कोण लावते ते मले अजून मालूम नाही. ट्रकवाल्या काकाले विचारलं. ते म्हणते, दिवाळीनंतर नदी पुरी उतरन, जंगलाच्या तोंडापर्यंत मी नेऊन देतो, पुढं पायी जा. तुह्ये बोटं दुखतेत, पाय तं चांगले आहेत. तू चाल माह्यासंगं. आपण दोघं पाहू. हात बुडवून पाह्य त्या पाण्यात, मग तूच मले सांग.

शेजारच्या वहिनीले हे पत्र समजावून सांगा लागणार नाही.

दिवाळीले मी येऊन राहिलो."